मोहल्ल्यातला कॅमेरा, ‘अ‍ॅडमिन१२३’ आणि ब्लॉकचेनचा दावा

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयाची बातमी देशभर गाजली. तिथल्या सीसीटीव्हीत टिपल्या गेलेल्या महिला रुग्णांच्या चित्रफितींची झलक यूट्यूबवर टाकली जात होती आणि पूर्ण चित्रफिती टेलिग्रामवर पैसे घेऊन विकल्या जात होत्या. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी धागा ओढला, तेव्हा तो आपल्या लातूर आणि सांगलीपर्यंत येऊन पोहोचला. पुढच्या तपासात जे बाहेर आले ते आणखी भयंकर होते. २०२४ या एका वर्षात देशभरातील सुमारे ८० ठिकाणच्या कॅमेऱ्यांतून जवळपास ५० हजार चित्रफिती चोरल्या गेल्या होत्या. रुग्णालये, शाळा, कार्यालये, घरांतल्या खोल्या, काहीच सुटले नव्हते. पुणे, मुंबई, नाशिक ही नावेही त्यात होती. आणि एवढी मोठी चोरी करायला लागलं काय? रुग्णालयाच्या यंत्रणेचा पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन१२३’. कंपनीने खोक्यातून दिला तोच, कुणी बदललाच नव्हता.

या प्रकरणात सर्वात जास्त खटकणारी गोष्ट पासवर्ड नाही. वर्षभर कुणीतरी परका माणूस आत डोकावत होता आणि ज्याचा कॅमेरा त्याला पत्ताच नव्हता, ही आहे. घरात चोर शिरला तर कपाट उघडं दिसतं, कुलूप तुटलेलं दिसतं. कॅमेऱ्यातून चोरी झाली तर काहीच हललेलं नसतं.

आपल्या घरांशी याचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर लांब शोधावं लागणार नाही. रत्नागिरी, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात कितीतरी घरांतले कर्ते पुरुष कुवेत, दुबई, सौदीत नोकरीला आहेत. ओसरीवर किंवा थेट दिवाणखान्यात कॅमेरा लावलेला असतो, अब्बा रात्री ड्युटीवरून आले की मोबाईलवर मुलं पाहतात, वयस्कर अम्मीची खबर घेतात. मशिदीच्या दारात कॅमेरा आहे, मदरशात आहे, शादीखान्यात आहे, मुलींच्या शिकवणीच्या वर्गातही आहे. सुरक्षेसाठी लावलेल्या या डोळ्याला दुसरीकडून कोण पाहतंय, हा प्रश्न म्हणूनच थेट घरातल्या बायाबापड्यांच्या इज्जतीचा आहे.

अशा वेळी बाजारातून एक उत्तर जोरात पुढे केलं जातं: ब्लॉकचेन. कॅमेरे, मीटर, दाराची स्मार्ट कुलपं, कारखान्यातले सेन्सर ही सगळी इंटरनेटला जोडलेली उपकरणे ब्लॉकचेनवर आणा, मग ती एकमेकांवर विश्वास ठेवतील आणि आपणही त्यांच्यावर ठेवू शकू, असा दावा आहे. हा दावा किती खरा, हे आम्ही इथे तपासतो आहोत. कारण बिटकॉइनच्या नावाखाली आपल्या अनेक बांधवांचे पैसे बुडाल्यापासून ‘ब्लॉकचेन’ म्हटलं की एकतर माणूस पळतो, नाहीतर भुलतो. दोन्हीची गरज नाही.

आधी ही चीज काय आहे ते. मोहल्ल्यातली बीसी, म्हणजे भिशी, डोळ्यांसमोर आणा. वही एकाच बाईकडे असते. तिच्यावर ऐतबार आहे तोवर ठीक. पण समजा प्रत्येक सदस्याकडे त्याच वहीची प्रत आहे आणि नवी नोंद झाली की सगळ्यांच्या प्रतीत एकदम होते. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागच्या पानाची एक मोहर आहे, अशी की मागच्या पानावरचा एक आकडा बदलला तरी मोहर जुळणार नाही. आता कुणी गुपचूप जुनी नोंद खोडायची म्हटली तर पुढची सगळी पानं बदलावी लागतील आणि तीही बहुतेकांच्या वहीत. ब्लॉकचेन म्हणजे एवढंच. त्या मोहरेला संगणकाच्या भाषेत ‘हॅश’ म्हणतात. कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये ती मांडली आणि पुढे त्यांच्या कंपनीने कागदपत्रांची अशी मोहर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. लाखो घरांत गेलेला अंक परत गोळा करून कोण बदलणार? विश्वास तंत्रज्ञानातून आला त्याहून जास्त, अनेक हातांत प्रत असण्यातून आला.

उपकरणांना हे का हवं, ते २०१६ साली जगाला कळलं. ‘मिराई’ नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने इंटरनेटवरचे कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर शोधून काढले आणि कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या वापरून पाहिल्या. बस्स, एवढ्यावर लाखो उपकरणे ताब्यात आली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास कोलमडल्या. मिराई लिहिणारे कोण निघाले? कॉलेजच्या वयाचे तीन अमेरिकी तरुण. २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. त्यांची सुरुवात माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवरून झालेल्या स्पर्धेतून झाली होती. ज्यांचे कॅमेरे या हल्ल्यात वापरले गेले त्यांना आपला कॅमेरा चोरांचा साथीदार झालाय हे कळलंही नाही. आठ वर्षांनी राजकोटमध्ये तीच दुर्बलता आणि तेच अंधारात राहणं.

दुसरी अडचण थोडी वेगळी आहे. बहुतेक स्मार्ट उपकरणे कंपनीच्या सर्व्हरच्या तालावर नाचतात. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या अमेरिकी कंपनीने पूर्वसूचना न देता सर्व्हर बंद केले आणि ग्राहकांच्या घरातल्या स्मार्ट यंत्रणा एका दिवसात मुक्या झाल्या. उपकरण तुमच्या भिंतीवर, पैसे तुम्ही मोजलेले, पण चावी दुसऱ्याकडे. आयबीएमने दहाहून अधिक वर्षांपूर्वीच हा धोका ओळखून सॅमसंगबरोबर ‘अ‍ॅडेप्ट’ नावाचा प्रयोग केला होता. जानेवारी २०१५ मध्ये दाखवलेल्या त्यांच्या नमुन्यात वॉशिंग मशीन साबण संपत आला की स्वतःच दुकानाला ऑर्डर देई आणि पैसेही चुकते करी, मध्ये कुठलाही मोठा सर्व्हर नाही, हिशेब ब्लॉकचेनवर. कपडे धुण्याच्या यंत्राला दुकानदाराशी सौदा करता यावा, ही निकड नेमकी कुणाची होती ते आम्हाला आजही समजलेलं नाही. पण त्यामागचा विचार पक्का होता: शेकडो कोटी उपकरणांचा कारभार एकाच दरबारातून चालवू नका.

मग कॅमेऱ्याच्या बाबतीत ब्लॉकचेन नेमकं काय करू शकतं? कारखान्यातच प्रत्येक कॅमेऱ्याच्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली बसवायची आणि तिची उघड जोडी सामायिक वहीत नोंदवायची. त्यामुळे हा तोच कॅमेरा आहे, त्याच्या जागी दुसरं काही घुसवलेलं नाही, हे तपासता येतं. ‘अ‍ॅडमिन१२३’ची गरजच राहत नाही. कंपनी नवा प्रोग्रॅम पाठवते तेव्हा त्याची मोहर आधी वहीत येते, कॅमेरा ती जुळवून पाहतो आणि जुळली नाही तर तो प्रोग्रॅम घेत नाही. आणि आमच्या मते सर्वात कामाची गोष्ट म्हणजे कॅमेरा कुणी, कधी, कुठून उघडून पाहिला याची नोंद. आजही बऱ्याच रेकॉर्डरमध्ये अशी नोंद असते, पण जो आत शिरला त्याला ती पुसताही येते. तिची मोहर दर तासाला चार वेगळ्या हातांत गेली, तर पुसलेलं लपणार नाही. राजकोटच्या रुग्णालयात असं काही असतं तर चोरी थांबली असतीच असं नाही. पण मध्यरात्री अनोळखी ठिकाणाहून कुणी आत येतंय, हे पहिल्या आठवड्यात दिसण्याची शक्यता होती. अर्थात, नोंद कुणी वाचत असेल तर.

याचा आणखी एक उपयोग आहे आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. मोहल्ल्यात तणाव झाला, दगडफेक झाली, कुणावर खोटा आळ आला, की पहिली शोधाशोध सीसीटीव्हीची होते. मग ऐकू येतं की नेमका त्याच दिवशी कॅमेरा बंद होता, किंवा चित्रण आहे पण ‘त्यात छेडछाड झाली आहे’ असा आक्षेप येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडायचं असतं, त्याच्या नमुन्यातच हॅश नोंदवण्याची जागा आहे. म्हणजे मोहरेचं महत्त्व कायद्याने मान्य केलेलं आहे. फरक एवढाच की आज ही मोहर बहुतेकदा चित्रण जप्त झाल्यावर, काही दिवसांनी काढली जाते. त्या मधल्या दिवसांत काय झालं, यावरच कोर्टात वाद रंगतो. चित्रण होत असतानाच दर काही मिनिटांची मोहर एखाद्या सामायिक वहीत जात राहिली तर या वादाला जागा उरत नाही. चित्रण बाहेर जात नाही, फक्त मोहर जाते, आणि मोहरेवरून कुणाचा चेहरा परत तयार करता येत नाही. बेगुनाह पोराला सोडवायला ही छोटीशी सोय किती मोलाची ठरेल, हे ज्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या त्यांना सांगायला नको.

इथपर्यंत ब्लॉकचेनची बाजू. आता दुसरी.

हीलियम नावाचं एक जागतिक नेटवर्क आहे. लोक आपल्या घरात एक छोटं यंत्र बसवतात, ते आसपासच्या सेन्सरना रेडिओ जोडणी देतं आणि त्याबदल्यात मालकाला डिजिटल टोकन मिळतात. यंत्र खरंच तिथे आहे का, हे शेजारची यंत्रे तपासत आणि आधी हे सगळं ब्लॉकचेनवर जात असे. स्मार्ट उपकरणांच्या आपसातील विश्वासाचं याहून मोठं उदाहरण क्वचितच मिळेल. झालं काय? काही महाभागांनी एकाच खोलीत अनेक यंत्रे ठेवली आणि ती शहरभर वेगवेगळ्या ठिकाणी असल्याचं दाखवलं. यंत्रांनी एकमेकांची साक्ष दिली, साखळीने ती इमानदारीने लिहून घेतली आणि बक्षीसही वाटलं. शेवटी अशा यंत्रांची काळी यादी करावी लागली. ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही. पण नोंद करतानाच कुणी खोटं बोललं तर ते खोटंही तितक्याच भक्कमपणे जपलं जातं. कॅमेऱ्यासमोर कुणी छापील चित्र धरलं तरी त्याची मोहर अगदी अस्सलच असेल.

दुसरा प्रश्न असा की वही खरंच सगळ्यांच्या हातात आहे का? आयोटा हे नेटवर्क तर मुद्दाम स्मार्ट उपकरणांसाठीच उभं केलं गेलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या वॉलेटमधून लोकांचे पैसे चोरीला गेले, तेव्हा संस्थेने ‘कोऑर्डिनेटर’ नावाचा आपल्या ताब्यातला भाग बंद केला आणि अख्ख्या नेटवर्कचे व्यवहार जवळपास महिनाभर थांबले. चोरी रोखायला ते बरोबरही असेल. पण ज्याचं बटण एकाच्या हातात, त्याला सामायिक वही कसं म्हणायचं? आपल्याकडे एखाद्या कंपनीने ‘ब्लॉकचेनयुक्त कॅमेरा’ विकायला आणला तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की वहीच्या प्रती कुणाकुणाकडे आहेत. सगळ्या प्रती कंपनीच्याच चार संगणकांवर असतील, तर तो जुनाच सर्व्हर आहे, फक्त किंमत वाढलेली.

शिवाय यंत्राची ताकद बघा. बिटकॉइनची संपूर्ण वही आज ५०० जीबीच्या वर गेली आहे आणि तिच्यात नवं पान साधारण दहा मिनिटांनी जोडलं जातं. दोन हजारांच्या कॅमेऱ्यात ना तेवढी जागा, ना ताकद. म्हणून मध्ये एक मोठा डबा ठेवावा लागतो, जो कॅमेऱ्याच्या वतीने वहीशी बोलतो. मग त्या डब्यावर विश्वास कुणी ठेवायचा? प्रश्न एक पायरी मागे सरकला, सुटला नाही. खरं सांगायचं तर घरातल्या एका कॅमेऱ्यासाठी ब्लॉकचेनची गरजच नाही. चांगली डिजिटल सही आणि वेळेवर येणारे अपडेट पुरेसे आहेत. जिथे दोन-चार पक्ष आहेत, त्यांचा एकमेकांवर भरवसा नाही आणि तरी हिशेब एकच हवा, तिथे हे तंत्र आपली किंमत वसूल करतं.

वीजमीटर घ्या. महाराष्ट्रात स्मार्ट प्रीपेड मीटरवरून एवढा गदारोळ झाला की जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सर्वसामान्य ग्राहकांकडे ते बसवले जाणार नाहीत असं जाहीर करावं लागलं. पुढे ‘टीओडी’ नावाने नवे मीटर येत राहिले आणि ‘मीटर पळतंय’ ही तक्रारही राहिलीच. मीटर खरंच पळतंय का, हा वेगळा विषय. पण ग्राहकाच्या हातात वापराची स्वतःची, कुणालाही बदलता न येणारी प्रत नाही, त्यामुळे भांडण कधी मिटतच नाही. लखनौमध्ये ‘पॉवर लेजर’ या ऑस्ट्रेलियन कंपनीसोबत असा प्रयोग झालेला आहे. तिथे छतावरच्या सौर पॅनेलमधली वीज एकमेकांना विकण्याचा हिशेब ब्लॉकचेनवर ठेवला गेला. महावितरण, ग्राहक आणि वीज नियामक आयोग, तिघांकडे एकच वही, असं इथेही का होऊ नये?

सरकारचं लक्ष या तंत्राकडे आहे. ४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ‘विश्वस्य’ हा राष्ट्रीय ब्लॉकचेन संच सुरू केला. भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद अशा तीन ठिकाणच्या एनआयसी केंद्रांवर तो चालतो. मोबाईल अ‍ॅप अस्सल कुठून आलं हे तपासणारं ‘प्रामाणिक’ नावाचं साधनही त्यात आहे. अ‍ॅपच्या जागी कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम ठेवला की वर सांगितलेला उपयोग जवळजवळ तयारच आहे. मात्र तिन्ही प्रती सरकारकडेच असतील, तर सरकारविरुद्धच्या तक्रारीत ती वही कितपत उपयोगी, हेही आत्ताच विचारलं पाहिजे. एक प्रत न्यायालयाकडे, एक विद्यापीठाकडे ठेवायला तंत्राची काहीच आडकाठी नाही.

आणि जिथे मालकाचीच नियत बदलते, तिथे कुठलीच साखळी कामाला येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झालं की ‘मुस्लिम प्रो’ या नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या अ‍ॅपमधून वापरकर्त्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एका डेटा कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. अ‍ॅपने नंतर त्या कंपनीशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. इथे कुणी हॅकर नव्हता, पासवर्ड फुटला नव्हता. कुणाच्या तरी अमानतीचा सौदा झाला होता. याला उत्तर कायद्यातच शोधावं लागतं. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याने आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क दिला आहे. ब्लॉकचेनवरचं मात्र पुसता येत नाही. म्हणून कुणी ‘तुमचे चेहरे, नावं आम्ही ब्लॉकचेनवर सुरक्षित ठेवतो’ म्हणालं तर सरळ नकार द्या. वहीत मोहर जावी, माणूस जाऊ नये.

सध्या बाजारात कॅमेरा घ्यायला जाणाऱ्या मशीद कमिटीला किंवा घरमालकाला ब्लॉकचेनवाला कॅमेरा मिळणार नाही, मिळाला तरी घ्यायची घाई नको. एक बदल मात्र प्रत्यक्षात झालेला आहे. २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं होतं की सरकारी संस्थांतले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांचं चित्रण परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. त्यानंतर नियम कडक झाले आणि ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली. दुकानदाराकडे त्या मॉडेलच्या एसटीक्यूसी प्रमाणपत्राची विचारणा करा. जो पोरगा कॅमेरा बसवून जातो त्याच्याकडे पासवर्ड राहतो, तो गेल्यावर लगेच बदला. किती वर्षे अपडेट येणार ते बिलावर लिहून घ्या. बायकांच्या वावराच्या खोलीत कॅमेरा लागणारच असेल तर तो इंटरनेटला जोडू नका, रेकॉर्डरवरच ठेवा. आणि नवा नियम फक्त नव्या कॅमेऱ्यांना आहे. २०२५ च्या आधी बसवलेले लाखो कॅमेरे कुठल्याही चाचणीविना भिंतीवर आहेत. आपला त्यातला असेल तर या जुम्म्याआधी मोबाईल अ‍ॅपमध्ये जाऊन पाहा, पासवर्ड काय आहे आणि आणखी किती जणांच्या फोनवर तो कॅमेरा उघडतो.